हरणाऱ्या संघाचं मैदान ओस पडतंच असं नाही: घरच्या ग्रुपवरच्या एका मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी दादाने आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तोच मेसेज मी आधी दोन ग्रुपवर पाहून सोडून दिला होता. या वेळी सोडवेना, कारण ग्रुपवर टाकायच्या आधी दादाने तो आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवला होता. माझा हा भाचा शाळेच्या फुटबॉल संघात बचावाला खेळतो. यंदा त्यांचा संघ पाचपैकी पाच सामने हरला.

मेसेज थोडक्यात असा: ‘अमेरिकेत कॉलेज फुटबॉलला लाख लाख लोक जमतात ते फक्त विजेत्यांसाठी. एक विजय मिळाला की पुढच्या सामन्याला दहा हजार प्रेक्षक वाढतात. संघ हरू लागला की स्टेडियम ओस, विद्यार्थीसुद्धा फिरकत नाहीत. जिंकणाऱ्यांची एकही खुर्ची रिकामी राहत नाही. आपण हरलेल्यांनाही टाळ्या वाजवतो, म्हणून मागे आहोत. तुमच्या मुलाला हरणाऱ्या संघातून वेळीच बाहेर काढा.’ खाली फोटो गोल चेंडूचा. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा चेंडू लांबट असतो आणि खेळाडू तो हातात धरून पळतात. हे लिहिणाऱ्याने त्यातला एक तरी सामना पाहिला असेल असं मला वाटत नाही.

मी नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये बारा वर्षं राहते. विद्यापीठाचं मेमोरियल स्टेडियम घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. त्यामुळे सुरुवात ‘हरू लागला की स्टेडियम ओस’ या वाक्यापासूनच करते.

नेब्रास्का विद्यापीठाचा संघ एके काळी देशातल्या सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक होता. १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. मग उतार लागला. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. २०२१ मध्ये तर ३ विजय आणि ९ पराभव. मेसेजच्या हिशेबाने इथे आता गवत वाढायला हवं होतं. प्रत्यक्षात या मैदानाची तिकिटं नोव्हेंबर १९६२ पासून दर घरच्या सामन्याला पूर्ण विकली गेली आहेत. चारशेहून जास्त सामने झाले, मालिका तुटलेली नाही (कोरोनामुळे प्रेक्षकांविना झालेले २०२० चे सामने यात धरत नाहीत). त्या सात वर्षांतही तुटली नाही.

मी स्वतः पहिल्यांदा गेले ती २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, मिनेसोटाविरुद्धच्या सामन्याला. संघ तोवर सहापैकी सहा सामने हरला होता. विद्यापीठाच्या इतिहासात हंगामाची इतकी वाईट सुरुवात कधी झाली नव्हती. शेजारच्या आजींकडे एक तिकीट जास्तीचं होतं, म्हणून त्या मला घेऊन गेल्या. त्यांच्या त्या दोन जागा त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून घरात आहेत. मला वाटलं होतं, निम्मं मैदान रिकामं असेल. बघते तर खालपासून वरपर्यंत लाल. पंच्याऐंशी हजारांवर माणसं, त्यात दोन-तीन तास गाडी चालवून आलेले शेतकरी, लेकरं खांद्यावर घेतलेले बाप, हातात रुंझा नावाचा इथला गरम, खिमा-कोबी भरलेला पाव. त्या दिवशी संघ ५३-२८ असा जिंकला. पण ही माणसं घरातून निघाली तेव्हा हाती ०-६ च होतं, हे लक्षात घ्या.

मी आजींना विचारलं, सतत हरतात तरी का येता? त्यांना प्रश्नच कळला नाही. ‘शनिवार आहे ना,’ म्हणाल्या.

याच मैदानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर तिथले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हार्टली बर अलेक्झांडर यांच्या ओळी कोरलेल्या आहेत. मैदान १९२३ चं. ओळींचा अर्थ असा: विजय नव्हे, कृती; ध्येय नव्हे, खेळ; करण्यातच गौरव. ‘अमेरिका फक्त विजेत्यांना मानते’ असं छातीठोक सांगणाऱ्याने हा कोपरा एकदा बघून यावा.

आता ‘एका विजयाला दहा हजार प्रेक्षक’. हा आकडा कुठून आणला ते मेसेजमध्ये नाही. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची क्षमता १,०७,६०१ आहे. नोव्हेंबर १९७५ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची जाहीर उपस्थिती लाखाच्या वर आहे, फक्त कोरोनाचं २०२० चं वर्ष सोडून. २००८ मध्ये मिशिगन ३-९ (३ विजय, ९ पराभव) असं कोसळलं, टोलेडोसारख्या लहान विद्यापीठाकडून घरच्या मैदानावर हरलं. तरीही दर सामन्याला लाखाच्या वर. जिथे जागाच उरलेली नाही तिथे विजयाचे दहा हजार बसणार कुठे?

शिवाय तिकिटं विकली जातात कशी, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. मोठ्या विद्यापीठांत बहुतेक लोक अख्ख्या हंगामाची तिकिटं उन्हाळ्याआधीच घेऊन ठेवतात. चांगल्या जागेसाठी वर देणगी द्यावी लागते. या शनिवारच्या निकालाने पुढच्या शनिवारची गर्दी ठरत नाही, कारण पैसे कधीच भरून झालेले असतात. विजयाचा परिणाम होतो, पण तो पुढच्या वर्षी किती जण हंगामी तिकिटं पुन्हा घेतात त्यात दिसतो. आणि कधी कधी लोक विजयासाठी थांबतही नाहीत. कोलोराडो २०२२ मध्ये १-११ असं संपलं. डिसेंबरमध्ये गाजलेले माजी खेळाडू डिऑन सँडर्स प्रशिक्षक म्हणून आले, आणि एकही सामना जिंकायच्या आत २०२३ ची हंगामी तिकिटं संपली. त्या वर्षीही संघ ४-८ च राहिला, तरी घरचे सहाच्या सहा सामने भरले. लोकांनी तिकीट घेतलं ते आशेचं. अलाबामात २००७ च्या वसंतात निक सेबन हे प्रशिक्षक नवे आले तेव्हा आपल्याच दोन तुकड्यांमधला सराव सामना बघायला ९२,१३८ माणसं आली होती. त्यात जिंकणार कोण आणि हरणार कोण!

‘जिंकणाऱ्यांची एकही खुर्ची रिकामी राहत नाही’ हेही खोटं. पुन्हा अलाबामाच घ्या. सेबन यांच्या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदं. आणि याच सेबननी २०१८ मध्ये विद्यार्थी येत नाहीत, आले तर लवकर जातात अशी उघड नाराजी व्यक्त केली. २०१९ मध्ये विद्यापीठाला फोनमधलं एक अ‍ॅप आणावं लागलं. सामन्याला आलात तर १०० गुण, चौथ्या क्वार्टरपर्यंत (सामन्याच्या शेवटच्या भागापर्यंत) थांबलात तर आणखी २५०, आणि ते गुण साठवले की मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत प्राधान्य. विद्यार्थी कुठे आहे हे फोनवरून तपासायची वेळ हरणाऱ्या संघावर आली नव्हती, सगळ्यात जास्त जिंकणाऱ्यावर आली होती. निकाल मध्यंतरालाच ठरलेला, डोक्यावर दक्षिणेतलं ऊन, मग कोण थांबेल?

बरं, जे खरं आहे ते मान्य करते. विजयाने गर्दी वाढते, विशेषतः जिथे येण्याची सवय नाही तिथे. कॅन्सस वर्षानुवर्षं हरत होतं, बाके मोकळी असायची. २०२२ मध्ये पहिले पाचही सामने जिंकले आणि लॉरेन्स या त्यांच्या गावातले लागोपाठ तीन सामने भरले. हे कोणी नाकारू नये. आणि माझ्या लाडक्या नेब्रास्काची ‘पूर्ण विक्री’ही निर्मळ नाही. २०२१ मध्ये उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन परिस्थिती नसलेल्या घरांतल्या मुलांना दिली, म्हणून मालिका टिकली. मिशिगननेही २०१४ मध्ये शीतपेयाच्या दोन बाटल्यांवर दोन तिकिटं देऊ केली होती आणि लोक संतापल्यावर ती योजना गुंडाळली.

त्याहून मोठी अडचण जाहीर आकड्यांचीच आहे. वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकी दैनिकाने ऑगस्ट २०१८ मध्ये विद्यापीठांकडून प्रवेशद्वारावर प्रत्यक्ष स्कॅन झालेल्या तिकिटांची माहिती मागवली. २०१७ च्या हंगामात, सरासरी काढली तर, दारातून आत गेलेली माणसं जाहीर आकड्याच्या सुमारे ७१ टक्केच होती. जाहीर आकडा बहुधा विकलेल्या आणि वाटलेल्या तिकिटांचा असतो. म्हणजे मी वर दिलेल्या लाखांच्या आकड्यांतूनही काही माणसं वजा करावी लागतील, आणि मी ती करते. पण मग मेसेजवाल्याचा दावा आणखीच लंगडा पडतो. दहा हजार वाढले म्हणतोस ते कुठले, छापलेले की दारातून गेलेले? त्याच २०१७ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटाची देशभरची सरासरी उपस्थिती ३४ वर्षांत झाली नव्हती इतकी घसरली. दर सामन्यात एक जण जिंकतो आणि एक हरतो, त्या वर्षीही तसंच होतं. देशभरचे विजय कमी झाले नव्हते, तरी माणसं कमी झाली. घरातला मोठा टीव्ही, टीव्हीच्या सोयीने ठरणाऱ्या वेळा, तिकिटांच्या किमती, तासन् तास चालणारा सामना अशी कारणं इथले लोक स्वतःच सांगतात.

‘आपण मागे आहोत’ यावर वेळ घालवत नाही.

शेवटचं वाक्य मात्र मला झोपू देत नाही. मुलाला हरणाऱ्या संघातून काढा. हे अमेरिकेच्या नावावर खपवलंय, म्हणून इथलंच सांगते. २०२१ च्या नेब्रास्काच्या नऊच्या नऊ पराभवांत फरक दहा गुणांपेक्षा कमी होता. दर आठवड्याला ती मुलं शेवटच्या मिनिटांपर्यंत झुंजली आणि हरली, आणि पुढच्या शनिवारी त्यांच्यासमोर पुन्हा तितकीच गर्दी. त्यांना कोणी ‘संघ सोडा’ म्हणून घरी बोलावलं नाही.

दादा, मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘आत्या, पाचव्या सामन्यात आम्ही एकाच गोलने हरलो. पहिल्यात सहाने हरलो होतो.’ ते त्याने मला दोनदा सांगितलं. मग मी विचारलं, सामन्याला घरून कोण आलं होतं? पाचही वेळा कोणी नव्हतं. आई स्वयंपाकात, तू दुकानात, आजोबांना ऊन सोसत नाही. तुला प्रेक्षक आणि पराभवाचा संबंध शोधायचाच असेल तर तो तिथे शोध.

त्यांचा पुढचा सामना रविवारी सकाळी साडेसातला आहे. दुकान दहाला उघडतं. सोबत पाण्याची बाटली ने, त्याची गळकी आहे.