१२ क्विंटल २० किलोचा कॅमेरा

आमच्या घरात कुठल्याही मोठ्या खरेदीचा भाव आधी सोयाबीनमध्ये निघतो. मला आवडलेला मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा ६५ हजारांचा. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे कॅमेरा पडला १२ क्विंटल २० किलोला. हा हिशोब मी जेवताना मोठ्या हौसेनं मांडला. बायकोनं भाकरी थापता थापता विचारलं, "हमीभावानं इकलंय कवा तुम्ही? ओलं हाय म्हणून आडतीवर चार हजारच हातात टेकवले होते की." पुन्हा भागाकार केला. सव्वासोळा क्विंटल! ताटावरून उठायच्या आत कॅमेरा चार क्विंटलनं महागला होता.

हाताशी आहे तो कॅमेरा २०१४ चा. १८ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ ची लेन्स. पकडीचं रबर सुटलं, ते मी सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलं. तेव्हापासून लातूरच्या उन्हाळ्यात फोटो काढून झाला तरी कॅमेरा हात सोडत नाही. बॅटरीचं झाकण लेकीच्या केसांच्या रबरावर तगून आहे. औशाच्या एका लग्नात नवरीच्या मामांनी कॅमेरा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "सर, ह्याला किक कुठून मारायची?"

तरी एक्स्चेंजमध्ये काही येतंय का बघावं म्हणून गंजगोलाईजवळच्या एका स्टुडिओत गेलो. तिथल्या पोरानं पहिला प्रश्न टाकला, "शटर किती झालंय?" जुनी मोटारसायकल घेताना किलोमीटर बघतात, तसं कॅमेऱ्याचं शटर किती वेळा उडालं ते बघतात, हे मला तिथं कळलं. मग त्यानं लेन्स ट्यूबलाइटच्या उजेडाला धरली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "फंगस हाय, सर." पेशंटच्या नातेवाइकाला बाहेर बोलावून सांगतात ना, अगदी तसं. भाव सांगितला चार हजार. वर, "ही लेन्स नव्याला डायरेक्ट बसत नाही. अडॅप्टर लागतंय." बैल बदलायचा तर जूसुद्धा नवं! मनातल्या मनात आणखी दोन क्विंटल मापून घरी आलो.

घरी लेक नीटची तयारी करतेय. तिनं वहीच्या कोपऱ्यात गणित मांडलं. "पप्पा, १८ चे २४ मेगापिक्सेल झाले तरी रुंदीला पिक्सेल ५,१८४ चे ६,०००. १६ टक्क्यांसाठी ६५ हजार? आणि चार बाय सहाच्या प्रिंटला दोन मेगापिक्सेल बास होतात." लातूर पॅटर्नमधली पोरगी घरात असली की बापाच्या हौसेलाही चार पर्याय पडतात आणि त्यातले तीन चुकतात.

पण माझं खरं दुखणं अंधाराचं होतं. उजेड कमी झाला की आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची ताकद, ६४०० वर न्यावी लागते आणि फोटोत रवा उतरतो. हळदीच्या रात्री काढलेल्या फोटोत सासूबाई उपम्याच्या कढईतून बघतायत असं वाटतं. (त्यांना तो फोटो अजून दाखवलेला नाही.)

स्टुडिओतला पोरगाच शेवटी म्हणाला होता, "स्टँड लावा ना सर, नाहीतर उशी. कॅमेरा हलला नाही तर आयएसओ कशाला वाढवायचा?" स्टँडलाही पैसे पडतातच. मग कोठीतलं दोन किलो सोयाबीन बायकोच्या कापडी पिशवीत भरलं, तोंड सुतळीनं बांधलं आणि रविवारी खरोसा लेण्यांवर गेलो. साधारण सहाव्या शतकातली लेणी, आत भरदुपारी दिवेलागण. दगडावर पिशवी ठेवली, तिच्यात कॅमेरा दाबून बसवला. आयएसओ २००, शटर दोन सेकंद उघडं, टायमर लावला आणि श्वास रोखून बाजूला उभा राहिलो. स्क्रीनवर नृसिंह आला. रवा नाही, काही नाही. टाकीचे घावसुद्धा मोजता यावेत! मी कॅमेरा उचलून उजेडात गेलो आणि एकच फोटो मोठा करून, सरकवून, परत मोठा करून बघत बसलो.

मागं कुरुमकुरुम आवाज आला. वळून बघतो तर शेळी. सुतळी सुटलेली, पिशवी आडवी, तिचं तोंड आत. हाकलेपर्यंत अर्धा किलो तरी गेलं होतं. हमीभावानं २६ रुपये ६४ पैसे होतात. घरी सांगताना मी आडतीचा भाव लावला. वीस रुपये.