चार रिव्हेट आणि मी

जुन्या गाड्यांची मॅन्युअल लिहिणारी माणसं फार मितभाषी असावीत. पुढच्या चाकाचा वरचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला वळू आणि वर-खाली होऊ देणारा गोळ्याचा सांधा, बदलायचा तर पुस्तकात काय लिहिलंय, ‘रिव्हेट काढावेत. नवीन जॉइंट बसवावा.’ बास. म्हणजे समुद्र ओलांडावा, लंका जाळावी आणि परत यावं, इतकं सोप्पं.

साठच्या दशकातली गाडी आहे आणि जॉइंट इतका झिजलाय की चाक वर-खाली धरून हलवलं की खटखट वाजतं. तरी घरच्यांचं म्हणणं, चालतेय ना, मग कशाला हात लावतोस. आता यांना कसं सांगणार की हा जॉइंट सुटला तर चाक आपल्या मर्जीने पाय पसरून बसतं आणि मग गाडी चालत नाही, नुसती घसटते.

कंपनीने हे प्रकरण वरच्या आर्मला (गाडी आणि चाक यांना जोडणाऱ्या लोखंडी हाताला) रिव्हेट मारून का बसवलं असेल, हा विचार गाडीखाली उताणं पडल्यावरच नीट करता येतो. फॅक्टरीत एका दाबात काम होतं, नट सैल पडायची भानगड नाही, आणि दाब बसला की रिव्हेटची दांडी आतल्या आत फुगून भोकात गच्च होते. गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने फारच छान. काढणाऱ्याच्या मात्र ते मुळावर येतं, कारण वरचं डोकं उडवलं तरी खालचं धड जागचं हलत नाही, उलट जास्तच मस्ती करतं. आणि बाजारात मिळणारा नवीन जॉइंट येतो नट-बोल्टसकट, म्हणजे रिव्हेट परत मारायचा प्रश्नच नाही, ही एकच गोष्ट या सगळ्यात माणसाच्या बाजूने आहे.

पण रिव्हेटपर्यंत पोचायचं तर आधी खालच्या आर्मखाली जॅक हवा, आणि तो शेवटपर्यंत तिथेच हवा, कारण आत दाबून बसलेली स्प्रिंग तुमच्या सुटकेची नाही तर स्वतःच्या सुटकेची वाट बघत असते. मग जॉइंटच्या नटाची खिळपिन (नट फिरू नये म्हणून आरपार घातलेली दुमडलेली पिन), जी सरळ होत नाही, तुटते, आणि निम्मी आतच राहते. नट थोडा सैल करून चार आटे तसेच ठेवायचे, पूर्ण काढायचा नाही, नाहीतर सुटताना सगळं अंगावर. आणि मग नकलच्या, म्हणजे जॉइंटचा खुंट ज्यात रुतलेला असतो त्या चाकाकडच्या भागाच्या, बाजूला हातोडा. घाव, घाव, घाव, काहीच नाही, आपण कंटाळून घाम पुसायला लागतो आणि नेमका पुढच्या घावाला ठण्ण आवाज करून जॉइंट सुटतो. माझा तर जीवच वर गेला होता.

आता चार रिव्हेट. डोक्याच्या बरोब्बर मधोमध पंच मारायचा, कारण गोल डोक्यावर ड्रिल ठेवलं की ते फिरायला निघतं. आधी तीन मिलिमीटरचं भोक थेट खोलवर, म्हणजे फुगलेली दांडी आतून ढिली पडते, मग मोठं ड्रिल, तेही फक्त डोक्यापुरतं, आर्मचं भोक मोठं झालं तर नवा बोल्ट आत नाचणार. स्पीड कमी, तेल भरपूर. घाई केली की ड्रिल तापतं, धार जाते आणि मग तुम्ही लोखंड कापत नाही, नुसतं चकाकवत बसता. शेवटी छिन्नीने डोकं उडवायचं आणि पंचाने दांडी खाली ठोकायची. तीन रिव्हेट शहाण्यासारखे गेले. चौथा आर्मच्या कोपऱ्यात, जिथे ड्रिलचं तोंड पोचतं पण माझं मनगट पोचत नाही. त्याच्याशी मी जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही.

बोल्ट किटमधलेच लावले. खोक्यात सापडलेले रँडम बोल्ट इथे लावू नयेत, ते तुटतात. नट टॉर्क रेंचने (किती जोर लावला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळले, खिळपिनचं भोक जुळेना म्हणून जॉइंटचा कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला) अजून थोडा पुढे फिरवला (मागे फिरवायचा नसतो), ग्रीस भरलं आणि गाडी व्हील अलाइनमेंटला पाठवली.

एवढं सगळं झाल्यावर जुन्या गाड्यांचे एक जाणकार आले, चाकाच्या मागे टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘बोल्ट लावलेत? ओरिजिनलला रिव्हेट असतात हो.’’

म्हटलं, दुसरी बाजू अजून ओरिजिनल आहे, या, खाली झोपा, दाखवतो.