रकाना कोरा का आला: भुसावळच्या वाचकाला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची तक्रार अशी: जिनिंगच्या ऑफिसातल्या संगणकांवर यूपीएसची बॅटरी बदलल्याची तारीख रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) लिहिली, सगळ्या मशीनची यादी ठेवणाऱ्या इन्व्हेंटरी सॉफ्टवेअरला ती गोळा करायला लावली, तर जुन्या 32 बिट विंडोजवरची आली आणि नव्या मशीनचा रकाना कोरा. त्यापेक्षा एक्सेल बरं.

कारण तुमच्याच वाक्यात आहे. एजंट, म्हणजे त्या सॉफ्टवेअरचा प्रत्येक मशीनवर बसून माहिती पाठवणारा भाग, 32 बिट असला की 64 बिट विंडोज त्याला रजिस्ट्रीतल्या एचकेएलएम\सॉफ्टवेअर (सगळ्या मशीनसाठीची जागा) ऐवजी वॉव6432नोडची, म्हणजे 32 बिट प्रोग्रॅमसाठीची वेगळी फांदी दाखवतं. तुम्ही रेजएडिटने (रजिस्ट्री बदलायच्या विंडोजच्या साधनाने) 'की', म्हणजे नोंदीचा कप्पा, केला मूळ जागी, एजंट शोधतोय दुसरीकडे. 64 बिट एजंट टाका. ते जमत नसेल तर नोंद करायच्या रेग अ‍ॅड या आज्ञेच्या शेवटी /रेग:32 लावून नोंद त्या फांदीतही करा. खात्रीसाठी नोंद वाचणारी रेग क्वेरी आज्ञा दोनदा चालवा, एकदा /रेग:32 आणि एकदा /रेग:64 लावून. नोंद एचकेसीयूमध्ये (रजिस्ट्रीतल्या त्या-त्या वापरकर्त्याच्या भागात) मात्र ठेवू नका. एजंट बहुधा लोकल सिस्टीम या विंडोजच्या स्वतःच्या खात्यावर चालतो, म्हणून त्याला दिसणारं एचकेसीयू खुर्चीवर बसलेल्या माणसाचं नसतं.

आता एक्सेलचं. बॅटरीची तारीख संगणकाला आपोआप कळत नाही, ती हातानेच भरायची, हे तुमचं बरोबर. पण ती मशीनवरच भरली तर मशीन ऑफिसातून वजनकाट्यावर गेलं तरी नोंद सोबत जाते. इथे एक धोका आहे: नोंद खरं तर डिस्कसोबत फिरते. डिस्क काढून दुसऱ्या डब्यात बसवली की तारीख चुकीच्या मशीनच्या नावावर लागते. म्हणून त्याच कीमध्ये बायोसचा (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधला) सिरियल नंबरही लिहा आणि गोळा करताना प्रत्यक्षातल्या नंबराशी ताडून बघा. असेंबल्ड मशीनवर त्या जागी बऱ्याचदा 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' असंच येतं. तिथे मदरबोर्डवरच्या लॅन कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) घ्या.

तारीख साधा मजकूर म्हणून 2025-06-05 अशी लिहा. 05/06 लिहिलं तर एक मशीन 5 जून वाचेल, दुसरं 6 मे.

सगळ्यात महत्त्वाचं, कोरा रकाना कधीच स्वीकारू नका. की सापडली नाही तर तारीख गोळा करणाऱ्या स्क्रिप्टने (छोट्या प्रोग्रॅमने) 'की नाही' लिहावं, की आहे पण आत काही नसेल तर 'किंमत नाही'. मशीन बंद असेल तर स्क्रिप्ट काहीच लिहू शकत नाही, उलट जुनी माहिती ताजी असल्यासारखी दिसत राहते. कापसाचा हंगाम संपला की काट्यावरचं मशीन महिनोन्महिने बंद असतं, तेव्हा शेजारी 'शेवटचा संपर्क' हा रकाना हवाच.

एवढा खटाटोप बॅटरीसाठी करायलाच हवा. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण 25 अंशांना धरून सांगतात. दर 10 अंश वाढीला ते ढोबळमानाने निम्मं होतं. मे महिन्यात पंख्यावरच्या केबिनमध्ये काय होत असेल, ते भुसावळकरांना सांगायला नको.

एका नव्या मशीनवर दोन्ही रेग क्वेरी चालवा आणि आलेलं उत्तर इथे टाका. एजंट कोणत्या खात्यावर चालतोय तेही सर्व्हिसेसमध्ये बघून लिहा.