‘चाळीस वर्षं रक्त काढलं, हातात काय आलं?’ – स्पष्टवक्ता यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता (साहेब म्हणू की ताई ते आयडीवरून कळेना, म्हणून नुसतंच),

उत्तराला उशीर झाला, सॉरी. तुमची कॉमेंट आली त्याच दिवशी वाचली होती आणि खरं सांगतो, आधी रागच आला. दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की निम्म्या गोष्टी वर्मी लागल्यात म्हणून राग आलाय. खाली दोन ओळीत उरकणारं हे प्रकरण नाही, म्हणून वेगळी पोस्ट.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: तो होता कोलंबियातले न्यूरॉलॉजिस्ट फ्रान्सिस्को लोपेरा यांच्यावर, जे सप्टेंबर २०२४ मध्ये गेले. अँटिओकिया प्रांतातल्या डोंगराळ गावांमध्ये काही घराण्यांत माणसं चाळिशीतच विसरायला लागायची, पन्नाशीला पूर्ण डिमेन्शिया आणि साठीच्या आसपास खेळ खल्लास. लोक त्याला ‘ला बोबेरा’ म्हणायचे, म्हणजे बावळटपणा; खरं तर तो घराण्यातून येणारा, लवकर सुरू होणारा अल्झायमर. लोपेरांनी चाळीस वर्षं ही घराणी धरून ठेवली. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी आरती ओवाळलीये, गरीब माणसांचं रक्त आणि मेंदू परदेशी कंपन्यांना पुरवले, औषधाची ट्रायल फेल गेली, गावात गोळी पोचली नाही, आणि तुमच्या बाबांना ७६ व्या वर्षी अल्झायमर झालाय त्यांना या सगळ्याचा उपयोग शून्य.

आरतीचं मान्य. लेख परत वाचला, ‘या कुटुंबांनी हसतमुखाने मेंदू दान केले’ असं वाक्य मी लिहून गेलोय. हसतमुखाने कसलं आलंय! घरात माणूस गेलाय, रडारड चाललीये, आणि त्याच वेळी शहरातून आलेली टीम दारात उभी की मेंदू काही तासांच्या आत काढावा लागेल, नाहीतर उपयोगाचा राहत नाही. लोकांनी हो म्हटलं ते बहुतेक वेळा याच टीमने आधी वर्षानुवर्षं त्या आजाऱ्याची विचारपूस केली होती म्हणून. पण म्हणून ते सोपं होत नाही, आणि मी ते सोपं करून टाकलं.

आता जिथे पटत नाही तिथे येतो.

‘हातात काय आलं’ हा हिशोब तुम्ही २०२२ पासून सुरू करताय, ट्रायलचा निकाल लागला तिथून. माझ्या मते तो १९८० च्या दशकापासून मांडायला हवा, जेव्हा लोपेरा शिकाऊ डॉक्टर होते आणि त्यांच्यासमोर ४७ वर्षांचा एक शेतकरी आला ज्याची स्मरणशक्ती संपत चालली होती आणि ज्याच्या घरात आधीच्या पिढ्यांमध्येही हेच झालेलं होतं. तेव्हा त्या घराण्यांमध्ये कुणी म्हणायचं पाद्र्याचा शाप आहे, कुणी म्हणायचं अमक्या झाडाला हात लावला म्हणून झालं. लोपेरांनी गावोगावच्या चर्चमधल्या जुन्या वह्या उघडल्या, बाप्तिस्मा कुणाचा, लग्न कुणाशी, मयत कधी, आणि त्यावरून वंशावळ लावत लावत अठराव्या शतकापर्यंत मागे गेले. तेही कुठल्या काळात, तर त्या डोंगरात बंडखोर आणि ड्रग्जवाले यांचं राज्य असताना. त्यांच्या टीममधल्या नर्सला बंडखोरांनी पळवून नेलं होतं, नंतर सोडलं. १९९५ मध्ये चौदाव्या क्रोमोसोमवरचा प्रेसेनिलिन-१ हा जीन सापडला आणि या घराण्यांमध्ये त्यातलं एकच अक्षर बदललेलं निघालं. आई किंवा बापाकडे तो बदल असेल तर प्रत्येक मुलाला मिळायची शक्यता निम्मी. एवढं कळल्यावर निदान ‘शाप’ हा शब्द तरी उतरला डोक्यावरून. तुम्ही म्हणाल त्याने पोट भरतं का. नाही भरत. पण पिढ्यान् पिढ्या स्वतःला शापित समजणाऱ्या घरात याची किंमत शून्य धरायला मी तयार नाही.

ट्रायल. हो, फेल गेली. मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रोटीनवर मारा करणारी क्रेनेझुमॅब नावाची अँटीबॉडी, २५२ माणसं, २०१३ ते २०२२. आकडे औषधाच्या बाजूला जरासे झुकले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकतील एवढे नाही. मी लेखात हे एका ओळीत गुंडाळलं, ती चूक. पण गिनिपिग म्हणण्याआधी त्या ट्रायलची आखणी बघा, मला तर ती औषधापेक्षा जास्त विचार करायला लावते. फक्त तो बदललेला जीन असलेल्यांनाच घेतलं असतं तर ‘तुला घेतलं’ याचाच अर्थ ‘तुला होणार’ असा झाला असता, आणि कित्येकांना ते जाणून घ्यायचंच नव्हतं. म्हणून जीन नसलेली माणसंही घेतली, साधारण एक तृतीयांश, आणि त्या सगळ्यांना प्लासिबो. म्हणजे कुणीतरी धडधाकट बाई किंवा बुवा दर दोन आठवड्यांनी येतोय, नकली इंजेक्शन घेतोय, स्कॅनच्या नळकांड्यात पडून राहतोय, हे पाच पाच वर्षं, कशासाठी तर भावाचं किंवा चुलत बहिणीचं गुपित उघडं पडू नये म्हणून. आणि बहुतेक सगळे शेवटपर्यंत टिकले. नुसते वापरले गेलेले लोक असे टिकत नाहीत असं मला वाटतं, तुमचं मत वेगळं असू शकतं.

खरं तर तुम्ही याहून मोठा मुद्दा सोडून दिलात, तो मीच सांगतो. ज्यांना जाणून घ्यायचं होतं त्यांचं काय? इतकी वर्षं रक्त दिलं, लॅबमध्ये उत्तर पडून आहे, आणि बहुतेकांना स्वतःचा निकाल सांगितलाच गेला नाही. कारणं होती: उपाय नाही, समुपदेशनाची सोय नाही, उद्या कुणी जीव दिला तर जबाबदार कोण. कारणं मला समजतात. पण तिशीतल्या पोरीला मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवायचंय आणि कागद दुसऱ्याच्या कपाटात, हे काही मला पचत नाही. लोपेरांबद्दल आदर ठेवूनही पचत नाही.

आणि आता ती बाई, जिच्यासाठी मी मूळ लेख लिहायला घेतला होता आणि जिचा तुम्ही उल्लेखच केला नाही. याच घराण्यातली. जीन आहे, म्हणजे चव्वेचाळिशीच्या आसपास सुरुवात व्हायला हवी होती. सत्तरी आली तरी बाई ठणठणीत! तिला बोस्टनला नेऊन स्कॅन केला तर मेंदूत अमायलॉइड खच्चून भरलेलं, इतरांपेक्षाही जास्त. पण टाऊ, म्हणजे ज्या प्रोटीनच्या गुंत्यांबरोबर पेशी मरतात ते, फारच कमी. २०१९ मध्ये हे छापून आलं. तिच्याकडे अपोई जीनचा ‘ख्राइस्टचर्च’ नावाचा दुर्मिळ प्रकार होता, आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही प्रती. म्हणजे कचरा साठणं आणि माणूस विसरणं यांच्या मधे कुठेतरी एक दार आहे आणि तिच्यात ते बंद होतं. २०२३ मध्ये याच घराण्यात एक पुरुष सापडला, तो ६७ पर्यंत शाबूत, त्याच्यात रीलिन नावाच्या वेगळ्याच जीनमध्ये दुर्मिळ बदल. २०२४ मध्ये ख्राइस्टचर्चची एकच प्रत असलेली २७ माणसं, त्यांना आजार साधारण पाच वर्षं उशिरा लागला. ख्राइस्टचर्चसारखा परिणाम करणारी अँटीबॉडी बनवून उंदरांवर तपासून झालीये. उंदरांवर, हो. तुम्ही हसणार, हसा. पण ही माणसं कुठल्याही मोठ्या शहरातल्या दवाखान्यात बसून सापडली नसती. हजारो नातेवाईकांची यादी कुणीतरी चाळीस वर्षं जपली, म्हणून ‘अरे, ही अजून आजारी कशी नाही’ हा प्रश्न तरी पडू शकला. आजारी माणूस डॉक्टरकडे येतो, ठणठणीत माणूस कशाला येईल?

‘अमायलॉइड म्हणजे सगळी थाप’ हे जे तुम्ही शेवटी लिहिलंय त्यात मी फार शिरत नाही. अमायलॉइड साफ करणाऱ्या लेकानेमॅब या औषधाच्या ट्रायलमध्ये १७९५ जण होते, १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, ऐकायला भारी, पण १८ गुणांच्या मापावर तो फरक अर्ध्या गुणापेक्षाही कमी, आणि औषध मिळालेल्यांपैकी साधारण आठातल्या एकाच्या स्कॅनवर मेंदूला सूज दिसली. थाप नाही, चमत्कारही नाही.

राहिले तुमचे बाबा. इथे शब्द जपून वापरतो. असा एका जीनमुळे ठरलेला अल्झायमर एकूण रुग्णांच्या एक टक्क्याच्याही आत आहे, ७६ व्या वर्षी सुरू झालेला बहुधा त्यातला नसतो, तेव्हा ‘मलाही होणार का’ हा जो प्रश्न तुम्ही कंसात टाकलाय त्याला या घराण्यांचं निम्मं-निम्मं गणित लावू नका. धोका थोडा जास्त असतो, ठरलेलं काही नसतं. आणि बाबांना स्वतःला लोपेरांच्या कामाचा आज उपयोग काय, तर नाही. काही नाही. लेखात मी ‘प्रत्येक रुग्णासाठी आशेचा किरण’ असं लिहिलं होतं, ते वाक्य काल रात्री काढून टाकलं. ‘हसतमुखाने’ पण काढलं. निकाल न सांगितल्याचा परिच्छेद नवीन घातलाय, बघून सांगा बरोबर झालाय का.

तुम्ही रात्री पावणेतीनला कॉमेंट टाकली होती. बाबा रात्री उठून फिरतात का? आमच्या आत्याचं तसंच होतं, दाराची कडी काढायचा आवाज आला की आम्ही उठायचो. त्यावर काय काय करून पाहिलं ते इथे नको, मेल करा.