भावोजी, तुम्ही लोकल ना!

कोकणात चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने फिरायला मोकळे, असं ज्याला वाटतं तो हमखास घाटावरचा असतो. आमचा मेव्हणा पुण्याचा. आयटीत आहे, हुशार आहे, आणि दिवाळीत फराळाच्या ताटावरच त्याने जाहीर करून टाकलं की यंदा कोरड्या सीझनमध्ये रेवस ते रेड्डी अख्खा किनारा बाइकवर करायचा, समुद्र कायम उजव्या हाताला ठेवायचा आणि मुंबई-गोवा हायवेला चाक लावायचं नाही. या शेवटच्या अटीला घरात कोणीच हरकत घेतली नाही, कारण पनवेल-इंदापूरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा हा मेव्हणा कॉलेजात होता आणि आता त्याचा मुलगा शाळेत जातो.

बरं, बाइक त्याच्या, मित्र त्याचा, हौस त्याची. मग मी कुठून आलो यात? तर म्हणे, "भावोजी, तुम्ही लोकल ना!"

मी रत्नागिरीत राहतो हे खरं आहे. पण रत्नागिरीतला माणूस वेळासला लोकल नसतो आणि आचऱ्यात तर तो कोणीच नसतो, आमच्याकडे दोन खाड्या ओलांडल्या की माणसं "तुम्ही कुठले?" असं विचारायला लागतात, हे घाटावर कसं समजावणार. त्यांच्यासाठी अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकच गाव आहे, त्याचं नाव कोकण, आणि तिथल्या चौकशी खिडकीवर मी बसलेलो असतो.

तर एक एक्सेल शीट आली. तारीख, किलोमीटर, मुक्काम, जेवण, आणि एक कॉलम नुसता 'एक्सपिरियन्स'. एकूण अंतर पाचशेच्या आसपास, म्हणजे पुणे-नागपूरपेक्षाही कमी, निवांत होईल असा त्याचा हिशोब. मी म्हटलं बाबा रे, रेवस-रेड्डी सागरी रस्त्याचं स्वप्न अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८०-८२ च्या काळात पाहिलं गेलं, आणि मधल्या खाड्यांना ते अजून पुरतं कळलेलं नाही. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, या सगळ्या ठिकाणी रस्ता सरळ पाण्यात जातो आणि पलीकडे बाहेर येतो, मध्ये जंगलजेटी, म्हणजे गाड्यांसकट माणसं पलीकडे नेणारी फेरीबोट. त्याने मॅपवर दाभोळ-धोपावे बघितलं, समोर दिसतंय की, म्हणाला, आणि पाच मिनिटं टाकली. शेवटची फेरी चुकली तर चिपळूणहून वळसा घालून रात्री गुहागर गाठावं लागेल असं मी सांगितल्यावर त्याने 'बफर' नावाचा नवीन कॉलम काढला. पलीकडच्या काठावर वऱ्हाडाची बस लागलेली असेल आणि नवरदेवाचा मामा अजून टपरीवर चहा पीत असेल, तर त्याला किती बफर लागतो हे मला विचारलं गेलं. मी पंधरा मिनिटं सांगितली, म्हटलं काहीतरी सांगायला पाहिजे.

खरा घोळ भरती-ओहोटीने केला. त्याला हेदवीची बामणघळ बघायची होती, खडकाच्या त्या चिरेतून पाणी उंच उडतं त्याचा स्लो मोशन व्हिडिओ पाहिजे होता, आणि ते फक्त भरतीला उडतं. शिवाय त्याला ओहोटीला पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, बाइक पळवायची होती. हे मी जागच्या जागी रद्द केलं, कारण दर सुट्टीत कुठल्या तरी पुळणीवर कोणाची तरी लाखांची गाडी चाकं रुतवून बसते आणि मग गावातले लोक दोर घेऊन धावतात, आणि त्या दोरावर मेव्हण्याचं नाव मला नको होतं. राहिली बामणघळ. त्याने टाइडचं अ‍ॅप डाउनलोड केलं. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती, ती म्हणाली, "अरे तिथीच्या पाऊणपट करायचं, अ‍ॅप कसलं? अष्टमीला आठ पाउणे सहा, सहाला भरती." त्याला पाउणकी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्याने शून्य पूर्णांक पंचाहत्तरने गुणून बघितलं आणि अ‍ॅपशी जवळपास जुळतंय म्हटल्यावर तो आईकडे एकदम आदराने बघायला लागला. इतक्या वर्षांत तिच्या मुलाने तसं बघितल्याचं तिला आठवत नाही, असंही तिने लगेच सुनावलं.

तेव्हापासून शीटमध्ये तिथी आल्या आणि प्लॅनची वाट लागली. कारण मोठी भरती भर दुपारच्या सुमारास पाहिजे म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमा धरायची. थंडी सरताना, फार ऊन नाही, अशी माघातली अमावास्या त्याने धरली. आई म्हणाली, "महाशिवरात्रीचा दुसरा दिवस तो. कुणकेश्वरला जत्रा. देव समुद्रस्नानाला येतात, देवगडपासून पुढे गाडी घालायला जागा मिळणार नाही." बरं, मग त्याच्या पुढची पौर्णिमा. "ती होळी," आई म्हणाली. शेंगा सोलणं चालूच होतं.

आता शिमगा. पुण्यात होळी म्हणजे एक संध्याकाळ, फार तर दुसऱ्या दिवशी रंग, रविवार धरून सगळं आटपतं. आमच्याकडे शिमगा आला की देव स्वतः देवळातून बाहेर पडतात आणि पालखीत बसून घरोघर फिरतात, मुंबईहून सगळे चाकरमानी आलेले असतात, आणि पालखी आपल्या दारात कधी येणार हे पालखीलासुद्धा माहीत नसतं. त्या दिवसांत मी घर सोडून बाइकवर फिरतोय हे आईला सांगायची माझी छाती नाही. शिवाय रस्त्यात वाडीवाडीवर पोरं दोरी आडवी धरून पोस्त मागतात, दिल्याशिवाय सोडत नाहीत. मेव्हण्याने ते शांतपणे 'टोल' या कॉलमखाली घातलं आणि विचारलं, "पर बाइक की पर हेड?"

मग एप्रिल बघू म्हणाला. एप्रिलमध्ये त्याला कातळशिल्पं करायची होती, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आल्यापासून पुण्याच्या प्रत्येक ग्रुपवर कशेळीचा हत्ती फिरतोय. हत्ती खरंच बघण्यासारखा आहे, त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेत ते शोधत बसावं इतका मोठा आहे, पण तो सड्यावर आहे आणि सडा म्हणजे उघडा जांभा, झाड नाही, टपरी नाही, सावली म्हणून आपल्याच अंगाखाली पडेल तेवढी. एप्रिलच्या दुपारी तिथे उभं राहणं म्हणजे तव्यावर घावन होऊन पडणं. हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी ते कोरलं त्यांनी बहुतेक पहाटे काम केलं असणार, हे माझं मत, याला काहीही पुरावा नाही. आणि एप्रिलमध्ये देवगड भागात कोणी तुमच्याशी बोलत नाही. सगळे आंब्यात असतात. मेव्हण्याने एका ओळखीच्या बागायतदार काकांना 'मँगो एक्सपिरियन्स' विचारला तर ते म्हणाले, "ये की, पेट्या उचलायला माणूस कमीच आहे."

मे तर सोडूनच द्या. लग्नं, मुंबईची मुलं, एसटी फुल, विहिरीचा तळ दिसतोय आणि घरात पाहुणे. आणि मेच्या शेवटी मालवणला बोटिंग, स्कूबा, सिंधुदुर्गात जायच्या होड्या, सगळं ऑगस्ट संपेपर्यंत बंद. १ जूनपासून मासेमारी बंदी, ती ३१ जुलैपर्यंत. म्हणजे सीझन संपता संपता आलात तर किल्ला लांबून बघायचा आणि ताटात सुकट.

मागे जायचं तर डिसेंबर. ख्रिसमसचा आठवडा त्याने स्वतःच कापला, रूमचे रेट बघून. डिसेंबरच्या सुरुवातीला आचऱ्यात दोन रात्री असं ठरत होतं, आणि मला आठवलं की चौकशी केलेली बरी, कारण आचऱ्यात दर काही वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल झाला की अख्खं गाव, म्हातारीकोतारी, गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतं. हे ऐकून मेव्हणा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आपण टूरवर जायचं आणि गाव पण टूरवर?" मी म्हटलं हो, आणि ते तुझ्यापेक्षा चांगलं प्लॅनिंग करतात, एकही कोंबडी मागे राहत नाही.

तरी फेब्रुवारी शिल्लक होता. फेब्रुवारी म्हणजे वेळासला कासवं. ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी पुळणीत, पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर, आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना समुद्राकडे सोडतात. मेव्हण्याने तिथल्या होमस्टेवाल्या काकूंना फोन लावला, स्पीकरवर. त्या दिवशी पिल्लं निघतील हे कन्फर्म आहे का आणि साधारण किती, असं विचारलं. काकू म्हणाल्या, "बाहेर आली की विचारते त्यांना." मागे कोणीतरी फसकन हसलेलं ऐकू आलं. मग त्याने रिफंड पॉलिसी विचारली. मी फोन काढून घेतला, जेवायला उकडीचे मोदक मिळतील का ते विचारलं आणि आमच्या घराण्याची थोडीफार अब्रू वाचवली.

वेळास झालं, आता तिथून खाली सरकत मालवण, आणि मालवण म्हणजे भराडीदेवी. मसुऱ्याच्या आंगणेवाडीची जत्रा फेब्रुवारी-मार्चच्या आसपास कधीतरी असते, आणि त्या 'कधीतरी'लाच सगळं अडलं. ही जत्रा तिथीवर नाही, कॅलेंडरात आधी छापून येत नाही, देवीचा कौल मिळतो तेव्हा तारीख लागते. आणि एकदा लागली की तासाभरात ती मुंबईभर होते, गाड्या फुल, मालवण-कणकवलीत खोली नाही, लाखांनी माणसं. म्हणजे त्या तारखेला आपण तिथे असायचं नाही हे ठरवायला आधी तारीख पाहिजे, आणि तारीख देवीकडे. मेव्हण्याला हे पचेना. ऑफिसात तो लोकांकडून तारखा काढून घेण्याचाच पगार घेतो. "टेन्टेटिव्ह तरी विचारा ना," म्हणाला. कोणाला विचारू? देवीला?

शेवटी मामाला फोन लावला, आईचं माहेर तिकडचंच. मामा म्हणाला, "तारीख अजून ठराक नाय. ठरली काय सांगतंय." साधारण कधी ठरेल, असं मेव्हण्याने मागून विचारलं. "ठरात तेवा."

इथे आईने शेंगांची परात खाली ठेवली. म्हणाली, तारीख लागली की मला कळवा, मी पण येते, देवीची ओटी भरायची राहिलीय. बाइकवर मी काही बसायची नाही. मग आई येणार म्हणून ही येणार, ही येणार तर हिची आई एकटी पुण्यात कशी राहणार, मेव्हण्याचा मित्र म्हणाला मग मी पण बायकोला आणतो. अशा रीतीने दोन बाइकची एक सात सीटर झाली. समुद्र उजव्या हाताला ठेवायची अट गेली, कारण आईला जंगलजेटीवर गाडीत बसून राहिलं की मळमळतं आणि उतरून उभं राहिलं की गुडघे दुखतात. म्हणजे आता हायवे.

ज्या जत्रेपासून लांब पळायचं म्हणून एवढा खटाटोप केला तिच्याच गर्दीत आम्ही आता शिरणार आहोत, हे मेव्हण्याच्या लक्षात आलंय की नाही मला माहीत नाही. शीटमध्ये तारखेच्या खान्यात त्याने 'कौलानंतर' लिहिलंय आणि त्याला पिवळा रंग दिलाय. एक्सपिरियन्सच्या खान्यात 'ओटी, मालवणी वडे, परत'. काल तर त्याने मला न विचारता स्वतःच मामाला फोन लावला आणि यूट्यूबवरून शिकल्यासारख्या मालवणीत विचारलं, "मामानू, ठरली काय?"

"ठराक नाय," मामा म्हणाला. "पण येताना बाकरवडी घेवन ये, गेल्या टायमाक इसारलंस."