सोड्याच्या पाण्यात एन्झाइम खरंच निकामी होतात का?

‘डिटर्जंटमधले एन्झाइम म्हणजे शुद्ध फसवणूक’ असा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डाग तोडण्यासाठी घातलेलं एन्झाइम म्हणजे प्रथिन. धुण्याच्या पावडरीचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप; सातच्या वर अल्कली) दहाच्या आसपास असतो, त्यात प्रथिन टिकत नाही. टिकलंच तर ब्लीच त्याला संपवतं, नाहीतर पाणी मऊ करणारी रसायनं. त्यातूनही वाचलं तर ते कापड आणि कातडी खातं. त्यापेक्षा उकळतं पाणी वापरा, डाग जातो.

हे पटकन पटतं, कारण यातलं बरंचसं रसायनशास्त्र बरोबर आहे. पण ते बिनबदललेल्या, साध्या एन्झाइमचं रसायनशास्त्र आहे. पावडरीत जातात ते एन्झाइम नेमक्या याच अडचणींवर मात करण्यासाठी शोधलेले आणि बदललेले असतात. इतक्या चिकाटीचं काम एका फॉरवर्डमध्ये खोटं ठरवलं जावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी अल्कलीचा मुद्दा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योम यांनी 1913 साली प्राण्यांच्या स्वादुपिंडातले एन्झाइम धुण्यासाठी वापरण्याचं पेटंट घेतलं. त्यातलं ट्रिप्सिन हे एन्झाइम पीएच आठच्या आसपास उत्तम चालतं, धुण्याच्या सोड्यात मात्र फार तग धरत नाही. म्हणजे हा आक्षेप तेव्हा रास्त होता. चित्र पालटलं ते जिवाणूंकडे वळल्यावर. 1959 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जिवाणूजन्य प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) असलेलं उत्पादन बाजारात आलं आणि पुढच्या दशकात बॅसिलस गटातल्या जिवाणूंपासून मिळणारी सबटिलिसिन ही प्रोटिएज डिटर्जंटमध्ये रुळली. या गटातले काही जिवाणू अल्कधर्मी मातीतच वाढतात आणि आपलं प्रोटिएज पेशीबाहेर सोडतात, त्यामुळे ते एन्झाइम मुळातच त्या पीएचला काम करणारं असतं. काही सबटिलिसिन तर पीएच नऊ ते अकरा या पट्ट्यातच सर्वाधिक सक्रिय असतात. ‘प्रथिन आहे म्हणून अल्कलीत नष्ट होतं’ असा सरसकट नियम नाही. कुठलं प्रथिन, हे विचारावंच लागतं.

ब्लीचचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचं उत्तरही मला सर्वांत सुंदर वाटतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची घडी घातलेली साखळी. सबटिलिसिनच्या साखळीत 221व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल आहे. डागातल्या प्रथिनाचा बंध तोडण्याचं मुख्य काम त्याचं. त्याला लागूनच 222व्या जागी मेथिओनीन बसलेलं असतं आणि त्यात गंधकाचा अणू असतो. पावडरीतल्या ऑक्सिजन ब्लीचमधून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटलं, की त्या गंधकाला ऑक्सिजन चिकटतो. एन्झाइमची बाकीची घडी शाबूत असते, पण नेमक्या कामाच्या जागी अडथळा येतो आणि वेग कोसळतो.

1985 मध्ये एस्टेल, ग्रेकार आणि वेल्स या संशोधकांनी ही एकच जागा हेरली आणि तिथे उरलेली सगळी, म्हणजे 19 अमिनो आम्लं एकेक करून बसवून पाहिली. सिस्टीन बसवल्यावर एन्झाइम मूळपेक्षाही वेगवान झालं, पण सिस्टीनमध्येही गंधक आहे, त्यामुळे पेरॉक्साइडपुढे ते टिकलं नाही. अॅलानीन बसवलं तेव्हा वेग साधारण निम्म्यावर आला, पण तीव्र पेरॉक्साइडमध्येही एन्झाइम काम करत राहिलं. ऐन धुण्यात बंद पडणाऱ्या वेगवान एन्झाइमपेक्षा शेवटपर्यंत चालणारं थोडं संथ एन्झाइम केव्हाही बरं. एवढं मात्र खरं, की क्लोरीनचं ब्लीच (हायपोक्लोराइट) याहून फार कडक असतं. ते एन्झाइमच्या पावडरीसोबत एकाच बादलीत घालू नये.

पाणी मऊ करणाऱ्या रसायनांबद्दलही असंच. सबटिलिसिनची घडी कॅल्शियमच्या आयनांनी बांधलेली असते आणि झिओलाइट किंवा सायट्रेट ही पाणी मऊ करणारी रसायनं पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतात. संशोधक फिलिप ब्रायन आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात कॅल्शियम धरून ठेवणारा नऊ अमिनो आम्लांचा फासच, 75 ते 83, काढून टाकला. त्यामुळे ढिली पडलेली घडी इतर ठिकाणी बदल करून पुन्हा घट्ट केली. कॅल्शियमविना टिकणारं सबटिलिसिन असं घडवता येतं. द्रव डिटर्जंटची अडचण आणखी वेगळी: बाटलीत प्रोटिएज स्वतःलाच आणि शेजारच्या एन्झाइमना तोडू लागतं. तिथे बोरेटसारखं रसायन त्याला तात्पुरतं रोखून धरतं. धुण्याच्या पाण्यात मिश्रण पातळ झालं की ती पकड आपोआप सुटते.

आता कापड आणि कातडी. सुती कापड सेल्युलोजचं असतं, त्यात प्रोटिएजला तोडण्यासारखं काही नाही. काही पावडरींत सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम असतं आणि ते सुतावरचे सुटे तंतू खरोखरच कापतं. कपड्याचा रंग पुन्हा उजळ दिसतो तो त्यामुळेच. लोकर आणि रेशीम मात्र प्रथिनांचेच धागे आहेत, त्यांच्याबाबत हा इशारा अगदी योग्य आहे. कातडीची भीती बहुधा 1960च्या दशकाच्या शेवटी पसरली. तेव्हा डिटर्जंट कारखान्यांत एन्झाइमची धूळ श्वासातून जाऊन कामगारांना दम्यासारखा त्रास झाला होता. तो त्रास खरा होता आणि गंभीरही. त्यानंतर एन्झाइम भुकटीऐवजी वेष्टन दिलेल्या दाण्यांच्या रूपात येऊ लागलं. पण तो धोका श्वासातून जाणाऱ्या धुळीचा होता. धुऊन खळबळलेल्या कपड्याने कातडी खाल्ली जाते, असं त्यातून निघत नाही.

राहिला उकळत्या पाण्याचा सल्ला, आणि तो तर सरळ नुकसान करणारा आहे. रक्ताचा ताजा डाग उकळत्या पाण्यात टाकला की त्यातली प्रथिनं गोठून धाग्यांना घट्ट धरतात आणि तपकिरी छटा राहून जाते. डाग आधी गार पाण्यात खळबळून काढावा, मग 30 ते 40 अंशांच्या पाण्यात एन्झाइमची पावडर घालून भिजवावा. वेळ मात्र द्यायला हवा, कारण बंध एकामागून एक तुटत जातात. पाच मिनिटांत बाहेर काढून ‘काही झालं नाही’ म्हणणं एन्झाइमवर अन्याय आहे. अर्धा-पाऊण तास भिजू द्या आणि मगच चोळा.