आखाजीच्या सुट्टीबाबत आलेल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आपला एका ताऱ्याचा (वन-स्टार) अभिप्राय वाचला. त्यात तीन तक्रारी आहेत. आपले हिशेब आणि कराचे काम पाहणारे आम्ही आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात, म्हणजे 28 एप्रिल ते 3 मे 2025 या काळात, आपली परवानगी न घेता सुट्टीवर गेलो. सुट्टी असूनही महिन्याचे मानधन पूर्ण घेतले. आणि जळगावहून सुरतला निघालेली चटयांची गाडी ई-वे बिलापायी (मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्यापायी) ट्रान्सपोर्टच्या आवारात अडकून पडली. हा अभिप्राय आमचे इतर ग्राहकही वाचत असल्यामुळे उत्तर जाहीरपणे देत आहे. आपल्या व्यवहाराचे आकडे मात्र येथे लिहिणार नाही.

"कामावर ठेवलेला माणूस न विचारता सुट्टी घेतो का?" असे आपण विचारले आहे. आम्ही आपल्या कामावर नाही. आमच्या त्या वेळच्या बिलातून आपण प्राप्तिकर कायद्याच्या व्यावसायिक शुल्काच्या 194-जे या कलमाखाली 10 टक्के कर कापत होता, पगाराच्या कलम 192 खाली नव्हे. कायद्यात ठरलेल्या संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानातील वा कार्यालयातील कर्मचाऱ्याला महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याने वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आणि आठ भरपगारी सुट्ट्या मिळतात. स्वतंत्रपणे हिशेबाचे काम घेणाऱ्याला त्यातले काहीच लागू होत नाही. आपल्या खान्देशात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, आखाजीलाच ठरतो आणि तो आपले अख्खे साल मालकाला देतो, म्हणून खाडा (गैरहजेरी) करताना त्याने मालकाला विचारायचे असते. आम्ही साल दिलेले नाही, ठराविक काम मुदतीत करून देण्याचा शब्द दिला आहे. त्यामुळे आमची सुट्टी मागायची नसते, कळवायची असते.

अर्थात कळवणे म्हणजे आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर एक संदेश टाकून मोकळे होणे नव्हे. सुट्टीच्या तारखा आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात ईमेलने पाठवल्या होत्या, त्यावर आपल्या कार्यालयाचे "ठीक आहे" असे उत्तर आले होते, आणि एप्रिलच्या मध्यावर पुन्हा आठवणही दिली होती. तारखाही मनाला येतील तशा निवडलेल्या नव्हत्या. सण तिथीने येतो आणि कराची मुदत इंग्रजी तारखेने. 2024 मध्ये आखाजी 10 मे रोजी होती आणि दुसऱ्याच दिवशी जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या मासिक विवरणपत्राची मुदत, त्यामुळे त्या वर्षी आम्ही सणापुरतेही कार्यालय बंद ठेवले नाही. 2025 मध्ये ती 30 एप्रिलला आली. 20 एप्रिलची 3-बी (जीएसटी भरण्याचे मासिक विवरणपत्र) भरून झालेली होती, पुढचे टीडीएसचे (कापून घेतलेल्या कराचे) चलन 7 मे रोजी होते, त्या मधल्या मोकळ्या जागेत सुट्टी बसवली. मार्चच्या टीडीएसची 30 एप्रिल ही मुदत मात्र सुट्टीत येत होती, म्हणून ते चलन आपल्याकडून 25 तारखेलाच भरून घेतले. त्या आठवड्यात आपल्याला एक रुपयाही विलंब शुल्क किंवा व्याज लागलेले नाही.

आता गाडीविषयी, कारण आपला राग मुख्यतः त्यावरच असावा. 1 एप्रिल 2025 पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर सर्वांनाच ओटीपी सक्तीचा झाला असल्यामुळे केवळ पासवर्ड देऊन काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. म्हणून सुट्टीपूर्वीच आपल्या सुपरवायझरच्या आणि भुसावळच्या आमच्या सहकाऱ्याच्या मोबाईलवर स्वतंत्र लॉगिन सुरू करून दिले होते. त्या दिवशी बिल तयारच होते; ट्रान्सपोर्टवाल्याने ऐनवेळी गाडी बदलली, तेव्हा भाग ब मध्ये नवा वाहन क्रमांक घालायचा होता. हे दोन मिनिटांचे काम आहे. दुपारभर माझ्याच फोनवर घंटा वाजत राहिली. सुपरवायझरने संध्याकाळी सहकाऱ्याला फोन करताच क्रमांक बदलून मिळाला. बिलाची वैधता 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने सुरतसाठी दोन दिवसांची असल्याने माल मुदतीतच पोहोचला. सहकाऱ्याचा हा पर्यायी क्रमांक सुट्टीच्या सूचनेत ठळक अक्षरांत पहिल्याच ओळीत होता. (हमाल आणि चालकही आखाजीला गावी जातात, आणि त्यांच्याबद्दल असे अभिप्राय कोणी लिहीत नाही, हे जाता जाता.)

मानधनाबद्दल थोडक्यात. आपले मानधन विवरणपत्रांचे आणि हिशेबाचे आहे, हजेरीचे नाही. सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटच्या वेळी रविवारी आणि रात्री बसून केलेल्या कामाचे जादा बिल आम्ही लावत नाही, त्याच न्यायाने सुट्टीचे दिवसही कापून देत नाही. जे ग्राहक तासांवर काम देतात, त्यांना सुट्टीच्या दिवसांचे बिल लागत नाही. आपल्याला तो करार हवा असल्यास पुढील तिमाहीपासून करता येईल, परंतु सप्टेंबरचा खर्च त्यात वाढेल, हे आधीच सांगतो.

2026 मध्ये आखाजी रविवारी, 19 एप्रिलला येत आहे आणि 3-बी ची मुदत दुसऱ्या दिवशी, 20 एप्रिलला आहे. त्यामुळे त्या वर्षी आमची सुट्टी 21 पासून राहील. मार्चच्या खरेदीची बिले आपल्याकडून 10 एप्रिलपर्यंत मिळावीत, ही विनंती. सुट्टीतही रोज फोनवर माणूस हवा असेल, तर भुसावळच्या सहकाऱ्यांशी त्या आठवड्यापुरता वेगळा करार करावा लागेल. त्याचा दर आपल्या कार्यालयाला ईमेलने पाठवला आहे.

आपला नम्र,
संचालक, हिशेब व करसेवा कार्यालय, जळगाव